पदवीच्या आधीचं एक वर्ष

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'लंडनच्या अर्थतज्ज्ञ' अशी करून दिली. तुम्ही टाळ्याही वाजवल्या. पण दोन्ही शब्द चुकीचे आहेत. मी लंडनला राहत नाही, तिथून रेल्वेनं दीड तासावर मिडलंड्स म्हणतात त्या भागात राहते. आणि अर्थतज्ज्ञ तर मी नाहीच. भाजीपाला आयात करणाऱ्या एका कंपनीत, येत्या आठवड्यांत कोणता माल किती लागेल याचा अंदाज बांधायचं काम मी करते. माझ्याकडे बटाटा, लसूण आणि कांदा. म्हणजे निफाड तालुका सोडून मी फार लांब गेले असंही म्हणता येत नाही.

आपल्या ग्रुपवर माझ्याबद्दल बरंच काही लिहिलं गेलं. कुणी एमबीए केलं म्हणालं, कुणी आणखी काही. मी ते वाचलं आणि खोडलं नाही. ती माझी लबाडी. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगून टाकते. बारावी सायन्सला मी गणितात नापास झाले होते. जून १९९८. निकालाच्या दिवशी बाजारात आपले गणिताचे सर समोरून सायकलवर येताना दिसले, आणि मी खताच्या दुकानात शिरून युरियाच्या गोण्या मोजत उभी राहिले. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगायला जड जातंय. त्या दिवशी तुम्हाला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही. पुढे तीस वर्षांत कधी भेटलेच नाही, त्याचं कारणही तेच.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. पण ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. पावसानं खरिपाचा कांदा गेला, भाव आभाळाला भिडले, नोव्हेंबरच्या निवडणुकीत दिल्लीचं सरकार त्यात पडलं. आमच्या घरात मात्र विकायला कांदाच नव्हता. उन्हाळ कांदा आम्ही मे महिन्यातच मिळेल त्या भावाला देऊन मोकळे झालो होतो. पुढच्या हंगामात अख्ख्या शिवारानं कांदा लावला, आम्हीही लावला, आणि भाव असा बसला की ट्रॅक्टरचं भाडं सुटेना. त्या सगळ्यात माझा फॉर्म कुठल्या कुठे राहिला. २००० साली लग्न झालं, २००७ साली आम्ही इंग्लंडला गेलो, मुलं झाली, आणि मी एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर कामाला लागले.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना प्लॅस्टिकच्या पिशवीचे पाच पेन्स घेणं सक्तीचं झालं. पाच पेन्स म्हणजे तेव्हाचे साधारण पाच रुपये. साठ-सत्तर पौंडांची खरेदी करणारी माणसं पाच पेन्स वाचवायला दुधाचे कॅन, अंडी, डबे छातीशी कवटाळून गाडीपर्यंत जायला लागली. एकाची अंडी माझ्यासमोर फुटली, तरी त्यानं पिशवी घेतली नाही! पुढे मोठ्या सुपरमार्केटांमधल्या अशा पिशव्यांचा खप ८० टक्क्यांहून जास्त घटला. मला हे कोडंच पडलं. दुधाची किंमत पाच पेन्सनं वाढली तर कुणी ढुंकून बघत नाही, आणि फुकटची पिशवी पाच पेन्सची झाली तर माणूस बदलतो? शेजारच्या गल्ल्यावर एक विद्यार्थी शनिवार-रविवार काम करायचा. तो म्हणाला, 'हेच तर आम्ही शिकतो. बिझनेस इकॉनॉमिक्स.' म्हणजे व्यवसायाचं अर्थशास्त्र. देशाची तूट, चलनवाढ यापेक्षा दुकान, कारखाना, गिऱ्हाईक किमतीपुढे कसं वागतं याचा अभ्यास. मी म्हटलं, मी बारावी नापास आहे. तो म्हणाला, 'मग फाउंडेशन इयर घेऊन कर. मीही तसाच आलो.'

तिथे पदवी तीन वर्षांची. ज्यांच्याकडे प्रवेशाला लागणारी पात्रता नाही, त्यांच्यासाठी बरीच विद्यापीठं तिच्या आधी एक वर्ष जोडून देतात. त्याला वर्ष शून्य असंही म्हणतात. ते पास झालात की त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला जाता. सोळा वर्षांत शाळा सुटलेले, सैन्यातून आलेले, मुलं मोठी झालेल्या बाया, असे सगळे एका वर्गात. मी ३६ वर्षांची होते आणि माझ्याहून मोठे तिघं होते.

प्रवेशाच्या वेळी बारावीचं विचारलं. नापास, असं लिहून दिलं. गणिताचा काही पुरावा आहे का, म्हणाले. आपली दहावी तिकडच्या सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेच्या तोडीची धरतात. त्यांनी दहावीची गुणपत्रिका मागितली. मी भावाला फोन केला. आईच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ती सापडली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आपल्या या शाळेतले, सरांच्या हाताखालचे गणिताचे गुण. वीस वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर मला इंग्लंडच्या विद्यापीठात जागा मिळाली. सर, माझ्या शिक्षणाचा हिशोब मी बारावीपाशी बंद केला होता. त्यांनी तो दहावीपासून पुढे चालू केला.

सप्टेंबर २०१६ ला वर्ग सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात गणिताची चाचणी. माझे हात थरथरत होते. शेकडेवारी, समीकरणं, घातांक, आलेख. अर्धं तर आपण आठवी-नववीत केलेलं. पण साध्या गोष्टी ते असे विचारतात की माणूस अडकतो. किंमत २० टक्क्यांनी उतरली आणि मग २० टक्क्यांनी चढली तर मूळ ठिकाणी येते का? वर्गातल्या बहुतेकांनी हो लिहिलं. येत नाही. शंभराचे ऐंशी, ऐंशीचे शहाण्णव.

एका गोष्टीवर मात्र मी पहिल्याच तासाला भांडले. तुम्ही शिकवलं होतं, ज्यावर सगळं अवलंबून असतं ते आडव्या अक्षावर आणि जे बदलतं ते उभ्या. किंमत बदलली की मागणी बदलते, मग किंमत आडवी हवी. अर्थशास्त्राच्या पुस्तकात किंमत उभी! मी हात वर केला. प्राध्यापक हसले, म्हणाले, 'आल्फ्रेड मार्शलनं १८९० च्या ग्रंथात तसं काढलं, आणि तेव्हापासून आम्ही सगळे तसंच काढतो.' म्हणजे चूक माझी नव्हती. वर्गात आपलं बरोबर असू शकतं, हे मी विसरून गेले होते.

गणितापेक्षा मला निबंधांनी रडवलं. मी आपली सवयीप्रमाणे पुस्तकातलं पाठ करून सुंदर अक्षरात उतरवलं. खाली लाल शाईत शेरा: यात तुमचं म्हणणं कुठे आहे? गाइड वाचून पास झालेली आपली पिढी. आपलं म्हणणं कुणी विचारलंच नव्हतं. ते वर्ष मुख्यतः यातच गेलं. दुसऱ्याचं मत कोणतं, ते कुठून घेतलं, आपलं कोणतं, आणि त्याला आधार काय, हे वेगळं करायला शिकण्यात.

दुसऱ्या सत्रात एक आकृती फळ्यावर आली. यंदाचा भाव बघून शेतकरी पुढच्या हंगामाचं ठरवतो, माल यायला वेळ लागतो, तोवर सगळ्यांनी तेच केलेलं असतं, भाव पडतो. मग सगळे सोडून देतात, भाव चढतो. रेघा मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर गोल गोल फिरतात आणि कोळ्याचं जाळं दिसतं. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये त्याला तेच नाव दिलं. प्राध्यापकांनी उदाहरण डुकरांच्या भावाचं दिलं. मी फळ्याकडे बघत होते आणि मला आमचं १९९८-९९ दिसत होतं. लासलगावच्या बाजारात लिलावाच्या रांगेत उभा असलेला आमचा ट्रॅक्टर, आणि त्यावर बसलेले वडील.

पण त्या सिद्धांतात एक गृहीत असं आहे की शेतकऱ्याला वाटतं, यंदाचा भाव पुढेही टिकेल. म्हणजे तो भाबडा. मी परीक्षेत लिहिलं की माझे वडील भाबडे नव्हते. सगळे कांदा लावतायत, भाव बसणार, हे ते लागणीच्या वेळीच बोलून दाखवायचे. पण पाणी तेवढंच, जमीन तीच, रोपं तयार. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. ज्याला थांबता येतं त्याला दिवाळीच्या सुमाराचा भाव मिळतो. आम्हाला सोसायटीचं कर्ज भरायचं असायचं आणि बहिणीचं लग्न असायचं, म्हणून आम्ही मेमध्ये विकायचो. चूक अंदाजाची नव्हती, थांबायला पैसा नव्हता. प्राध्यापकांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते म्हणाले, 'हे तुमचं म्हणणं. हेच लिहीत जा.'

वडील २०१४ साली गेले होते. त्यांना दाखवायला मिळालं नाही.

पुढची तीन वर्षं भराभर सांगते. पहिलं वर्ष तितकं जड गेलं नाही, पाया झाला होता. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र आणि रिग्रेशननं घाम काढला. शेवटच्या वर्षी प्रबंधाला मी साखरेच्या कराचा विषय घेतला. २०१६ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारनं गोड पेयांवर कर जाहीर केला, एप्रिल २०१८ पासून लागू केला. तेव्हा १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नव्हता, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स होता, त्याच्या वर २४ पेन्स. मधे दोन वर्षं दिली होती, आणि पुष्कळ कंपन्यांनी तेवढ्यात कृतीच बदलून साखर पाचाच्या खाली आणली. कर गिऱ्हाईकाला शहाणं करायला नव्हता, कारखानदाराला हलवायला होता. मला यातली पायऱ्यांची योजना फार आवडली. शेवटची परीक्षा २०२० मध्ये टाळेबंदीत स्वयंपाकघराच्या टेबलावर दिली. पदवीदान मोबाइलवर बघितलं, भाकरी भाजता भाजता.

पैशाचं विचारणारच तुम्ही, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी फी ९,००० पौंड, नंतर दरवर्षी ९,२५०. चार वर्षांचे ३६,७५० पौंड, सगळं सरकारी कर्ज. तिथे कायमच्या वास्तव्याचा परवाना होता म्हणून मिळालं. आईला आकडा सांगितला तेव्हा तिनं फोन ठेवून दिला होता. कर्ज या शब्दानं आमच्या घरात काय काय झालंय, मग तिचं काय चुकलं? पण हे कर्ज वेगळं. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला तरच वरच्या पैशावर ९ टक्के कापतात. २०२५-२६ ला ती मर्यादा २८,४७० पौंड होती. समजा त्या वर्षी पगार ३२,४७० असेल, तर वरच्या ४,००० चे ९ टक्के, वर्षाला ३६० पौंड. नोकरी गेली तर काही नाही. ३० वर्षांनी, म्हणजे माझ्या बाबतीत २०५१ साली, उरेल ते माफ. व्याज चढतं, ते डोळ्यांवर येतं. पण घरावर जप्ती येत नाही. आमच्या सोसायटीनं वडिलांना असं कर्ज दिलं असतं तर, हा विचार मी अनेकदा केलाय.

सगळं गोडच आहे असंही नाही. त्या वर्गातले बरेच जण पुढे आले नाहीत, आणि ते एक वर्षाचं कर्ज त्यांच्या अंगावर राहिलं. २०१९ मध्ये ऑगर समितीनं या वर्षासाठीची मदत बंद करा, स्वस्तातला दुसरा अभ्यासक्रम आहे तो वापरा, असं सुचवलं होतं. बंद झाली नाही, पण २०२५ पासून वर्गात शिकवायच्या अशा विषयांना फीची मर्यादा ५,७६० पौंडांवर आणली. बरं झालं. पायाभूत गणित शिकवायला ९,००० पौंड लागत नाहीत, हे आपल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही कळेल.

ज्यांची मुलं परदेशी जायच्या विचारात आहेत त्यांना एक सांगते. परदेशी विद्यार्थ्याला हे कर्ज नाही आणि फीची ही मर्यादाही नाही. बारावीला चांगले गुण असतील तर बरीच विद्यापीठं थेट पहिल्या वर्षाला घेतात. एजंट म्हणाला फाउंडेशन लागतंच, तर विद्यापीठाला स्वतः ईमेल करून विचारा. तो एक ईमेल अख्ख्या वर्षाची फी वाचवू शकतो.

आणि एक गोष्ट, जी मला इंग्लंडला बसून कळली. नाशिकला गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला प्रवेश घेता येईल अशी सोय त्यांनी केली होती. मी नापास झाले तेव्हा ते विद्यापीठ माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर होतं. एसटीचा एक-दीड तास. मला ते कुणी सांगितलं नाही, आणि मी खताच्या दुकानात लपले असल्यानं कुणाला विचारलंही नाही. सर, मला आता खात्री आहे, त्या दिवशी तुम्ही सायकल थांबवून तेच सांगितलं असतं.

ती दहावीची गुणपत्रिका मी येताना बरोबर आणली आहे. सरांची सही त्यावर नाही, बोर्डाची आहे. पण मला कोपऱ्यात त्यांची हवी आहे. मागे वाढपी हातानं खुणा करतायत, पंगत बसलेली दिसते. तेव्हा सर, आधी सही, मग जेवू.