खांदा ओढू नका, आधार द्या

(जव्हार-मोखाडा भागातील आरोग्यसेविका व आश्रमशाळांचे अधीक्षक यांच्या शिबिरात एका डॉक्टरांनी केलेले भाषण)



आज बोलायचे आहे ते खांद्याबद्दल. आपल्याकडे सगळी कामे खांद्यावर चालतात. डोक्यावरचा हंडा सावरायला हात वर जातो, मोळी खांद्यावर येते, ताडीसाठी ताडावर चढणारा तर सगळा भार हातांवर घेतो. तरी खांदा दुखावला की आपण काय करतो? कुणीतरी जाणता हात धरतो आणि ओढतो. हे का करू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

आता उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा. गळ्याखाली आडवे हाड लागते, ते कॉलरबोन. पाठीमागे पसरट हाड आहे, ते खांद्याचे पाते. आणि तिसरे दंडाचे हाड. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा पात्याच्या खोबणीत बसतो. शाळेत याला उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या सांध्याची उखळ खोल असते. खांद्याची मात्र उथळ, बशीसारखी. बशीवर मोठे लिंबू ठेवावे, तसा हा गोळा. म्हणूनच हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच सगळ्या मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वांत जास्त वेळा निखळतो. गोळा जागेवर धरून ठेवतात ते चार लहान स्नायू आणि भोवतालचे पडदे-बंध.

हात टेकून पडले की गोळा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला सरकतो. ओळखायचे कसे? खांद्याची गोलाई जाते, तो चौकोनी दिसतो. माणूस दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून बसतो, अंगाजवळ आणू देत नाही. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर गोळा मागेही सरकतो. तो पटकन दिसत नाही, पण हात बाहेरच्या बाजूला वळत नाही.

गोळ्याला लागूनच एक नस जाते. पोलीस दंडावर जिथे बिल्ला लावतात, तिथल्या कातडीला जाणीव देणारी नस तीच, आणि हात बाजूला उचलणाऱ्या स्नायूला बळ देणारीही तीच. काखेतून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. शिवाय निखळण्याबरोबर हाडही मोडलेले असू शकते, ते एक्स-रेशिवाय कळत नाही. अशा वेळी जोराने ओढले तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

माझ्याकडे एक तरुण आला होता. झाडावरून पडला, तीन ठिकाणी ओढून घेतले, लेप लावला, आणि महिन्याने दवाखान्यात आला. पहिल्या दिवशी आला असता तर भूल देऊन काही मिनिटांत सांधा बसला असता. महिन्याने शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आवणीचा हंगाम गेला तो गेलाच. लेप लावणाऱ्या आजोबांना मी दोष देत नाही. त्यांनी मायेनेच केले. त्यांनाही आपण हे समजावून सांगू या.

मग आपण करायचे काय? हात आहे त्याच स्थितीत ठेवा. दंड आणि अंग यांच्यामधल्या पोकळीत चादरीची घडी ठेवा. पंचा किंवा ओढणी गळ्यातून घेऊन झोळी करा. बोटे हलतात का, गरम आहेत का, बिल्ल्याच्या जागी स्पर्श कळतो का, ते पाहा. बोटे गार किंवा पांढरी पडली तर एक क्षणही थांबू नका. मालीश नको. भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा. कॉलरबोन मोडले असेल तरी हीच झोळी; बहुतेकदा ते झोळीतच जुळून येते, पण तपासणी हवीच.

आश्रमशाळेच्या गुरुजींना एक विनंती. विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका फार असतो. अशा मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कबड्डीत उतरवू नका.

उलट, फार दिवस हात बांधून ठेवणेही वाईट. चाळिशीनंतर, त्यातही मधुमेह असेल तर, खांदा आखडतो. बाईला केस विंचरता येत नाहीत, पोलक्यात हात घालता येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की ओणवे होऊन हात लोंबता सोडून झुलवायचा आणि भिंतीवर बोटे चढवत न्यायची, रोज थोडी वर. महिने लागतात, धीर सोडू नये.

गावी गेल्यावर एक करा. पुढच्या बैठकीत एका मुलाला उभे करून ओढणीची झोळी बांधून दाखवा. पाहिलेले लक्षात राहते. प्रसंग आला की ओढायला पुढे झालेला हात कुणीतरी थांबवील, आणि एका घराचा कमावता हात वाचेल.