नाव सांगता येणं



खर्ड्याच्या शाळेच्या व्यासपीठावर उभं राहिलं की ११ मार्च १७९५ आठवतोच. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा एका बाजूला उभ्या राहिल्या, निजामाला इथल्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला आणि काही दिवसांतच तह मान्य करावा लागला. हा धडा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. याच जामखेड तालुक्यात पुढे आणखी एक लढाई झाली. ती कित्येक वर्षं चालली आणि ती लढणाऱ्या अनेकजणींना अक्षरओळखही नव्हती.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. वेल्लोरचं वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि काम सुरू झालं ते जनावरांच्या वापरात नसलेल्या दवाखान्यात! तेव्हा आसपासच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आतच दगावत. हगवण, धनुर्वात, उपासमार. यातली बहुतेक बाळं वाचवायला मोठं रुग्णालय लागत नव्हतं. गावात वेळेवर कुणीतरी जाणतं माणूस लागत होतं.

आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. त्या गावाला परक्या, गाव त्यांना परकं. मग गावातलीच बाई गावानं निवडायची आणि आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पानं शिकवायची, असं ठरलं. निवडलेल्यांत दलित बायका होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या, विधवा होत्या.

शिकवणीची सुरुवात औषधांपासून झाली नाही. प्रत्येकीला आधी स्वतःचं नाव सांगायला सांगितलं गेलं. ते सोपं नव्हतं. अमक्याची सून, तमक्याची आई एवढीच ओळख घेऊन ज्यांची वर्षं गेली, त्यांच्या तोंडून स्वतःचं नाव चारचौघांत निघेना. ते मोठ्यानं म्हणायची सवय करावी लागली. मुक्कामाला स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र, आणि रात्री वेगवेगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या पांघरुणाखाली. शिवाशिव पाळणाऱ्या त्या काळात हे पांघरूण म्हणजे केवढं धाडस!

आत्मविश्वास आधी यावा आणि मग काम जमावं, असं आपण मुलांना सांगतो. जामखेडच्या बायकांचं उलटं झालं. आधी हाताला काम आलं: बाळाचं वजन करणं, मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण, उकळलेलं पातं आणि दोरा वापरून नाळ कापणं. शिकलेलं गावात करून बघायचं, दर आठवड्याला जामखेडला परत यायचं, काय चुकलं ते सगळ्यांसमोर बोलायचं, नवं शिकायचं, पुन्हा गावात. सुरुवातीला कुणी ऐकत नसे. काही घरांत उंबऱ्याच्या आत घेत नसत. पण तान्हं बाळ मलूल पडलं आणि हिच्या हातच्या पाण्यानं सावरलं, की तोच उंबरा मोकळा होई. दर आठवड्याची ही खेप म्हणजेच चिकाटी. तिला वेगळं नाव कुणी दिलं नव्हतं.

१९७६ पर्यंत प्रकल्पाच्या गावांत हजारामागे दगावणाऱ्या बाळांची संख्या ५२ वर आली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांच्या हातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण आहे.

१९८८ साली गावांनी निवडलेल्या या बायकांपैकीच एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनला गेल्या. समोर जगभरातली आरोग्य क्षेत्रातली मंडळी, वर झगमगती झुंबरं. मुक्ताबाईंनी त्या झुंबरांची डॉक्टरांशी तुलना केली: सुंदर, पण महाग आणि हाताला न लागणारी. मग साधी पणती दाखवून सांगितलं की आम्ही अशा आहोत, स्वस्त, आणि एकीवरून दुसरी पेटवता येणाऱ्या. परदेशातल्या त्या सभेत हे बोलण्याचं बळ एका दिवसात आलं नव्हतं. त्यामागे गावात मारलेल्या फेऱ्या होत्या.

आज या मंडपात अशीही मुलं आहेत, ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतील आणि हे स्नेहसंमेलन बघायला येऊ शकले नसतील. मागच्या रांगेत बसलेल्या, प्रश्न विचारला की मान खाली घालणाऱ्या मुलीही आहेत. त्यांना कमी येतं असं मुळीच नाही. त्यांना अजून कुणी पुरेसं विचारलेलं नाही, आणि हे काम आपल्या मोठ्यांचं आहे.

थोड्या वेळात बक्षिसं द्यायची आहेत. सूत्रसंचालकांना एक विनंती: आज नावं पुकारू नका, फक्त स्पर्धा आणि क्रमांक सांगा. ज्याचं बक्षीस असेल त्यानं वर यावं, माइकसमोर उभं राहावं आणि आपलं पूर्ण नाव स्वतः सांगावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आपल्या राज्यानं आईचं नाव आणलं आहे. तुम्ही त्याआधी जन्मलात, तरी आज तेही सांगा. आवाज अडखळला तर थांबा, पुन्हा म्हणा. आम्ही बसलो आहोत ऐकायला.