कासरा आणि किल्ली



म्हाताऱ्या बापाने मोटारसायकल चालवणे सोडावे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील आपल्या बाळापुरात हा तंटा घरोघर होतो, आणि चारचौघांत त्याविषयी कोणी बोलत नाही.

बंडीच्या काळी हा प्रश्न नव्हता. बैलांना वावराची वाट पाठ असे. धुरकऱ्याचा डोळा लागला तरी बंडी घरी येई. हात थकले की मुलगा कासरा घेई आणि म्हातारा मागे टेकून बसे. 'हळू हाक' म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत राही. त्याचा कासरा सुटला, पण जाणे सुटले नाही. मोटारसायकलला स्वतःचे डोळे नाहीत. आणि अकोल्याच्या महामार्गावर ट्रक कोणाच्या वयाकडे पाहत नाहीत.

मुलगा किल्ली लपवतो, अपघातांच्या गोष्टी सांगतो. बाप चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो. खरा प्रश्न बापाच्या मनात निराळाच असतो: "मंग मले वावरात कोन नेईन?" त्याचे उत्तर हाती नसताना किल्ली मागणे म्हणजे त्याला ओसरीवर बसवून ठेवणे होय.

पहिला निवाडा मुलाने करू नये, डोळ्यांच्या डॉक्टरांनी करावा. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. शस्त्रक्रियेने पुष्कळदा ते सुधारते, मग गाडी सोडण्याचे कारणही उरत नाही. काचबिंदू मात्र कावेबाज. तो बहुधा न दुखता बाजूची दृष्टी खातो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. 'मला सगळे दिसते' असे सांगणारा बाप खोटे बोलत नसतो. काय दिसेनासे झाले, हे त्याला कळलेलेच नसते. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो. पण कागद टिकला म्हणून दृष्टी टिकेलच असे नाही.

शक्य असेल तेथे आधी रात्रीचे चालवणे थांबावे, नंतर महामार्ग, शेवटी गावातले. चक्कर येत असेल किंवा नेहमीची वाट चुकत असेल, तर मात्र इतका धीर धरू नये.

आणि मुलाने वार ठरवून सांगावे: "बाबा, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी तुम्हाला वावरात नेईन." पेरणीच्या धांदलीत हे जड जाते, तरी पाळावे. अकोल्याला किंवा शेगावला जायला एसटी आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात तिचा प्रवास मोफत आहे, आणि पासष्टीनंतर निम्मे भाडे. मात्र थांब्यापर्यंत पोचवायला आणि पायरीवर हात द्यायला घरचेच माणूस हवे.

गाडी विकण्याची घाई करू नये. ती कोणाला द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे. नातवाला देणार असतील, तर आधी त्याचा परवाना पाहण्याचे काम ते आनंदाने करतील.