पत्रावळ आणि शितं



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं. तिथं चांदी घेताना आपण नुसत्या चमकेला भुलतो का? नाही. वजन पाहतो, कस पाहतो, पावती मागतो. मग नवा मोबाईल घेतानाच आपली बुद्धी कुठं जाते हो? पोरगं म्हणतं, शेजाऱ्याकडं आहे तस्साच पाहिजे. अरे बाबा, शेजाऱ्याच्या मापाची वहाण घालून तू पंढरपूरला चालणार का?

फोन घ्या, आनंदानं घ्या. पण गरज पाहून घ्या. वारीला जाणाऱ्यानं आधी बॅटरी पाहावी. शेतात राबणाऱ्यानं दुकानाबाहेर येऊन उन्हात पडदा दिसतो का ते पाहावं. म्हाताऱ्या माणसाला अक्षर मोठं करून दाखवा, आवाज ऐकवा. वापरलेला फोन घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी नंबर येईल, त्याला आयएमईआय म्हणतात. पावतीवर तोच आहे का पाहा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन बंद यादीतला असेल तर कळतं. चोरीचा माल घरात नको, माउली.

आता माझीच चूक सांगतो. माय एकटी गावाकडं. मी हे सगळं पारखून तिच्यासाठी छान मोठा फोन घेतला. हार घातला, पेढे वाटले. आणि कीर्तनाच्या गडबडीत निघून गेलो. दोन महिन्यांनी घरी आलो, तर फोन देव्हाऱ्यात, रुमालात गुंडाळलेला. म्हटलं, "माय, वापरत का नाही?"

ती म्हणाली, "रोज चार्ज करतो बापा. तुह्या फोनची वाट पाहतो. वाजतच नाही. बिघडला असंन."

माउली, फोन बिघडला नव्हता. बिघडला होतो मी!

२३ फेब्रुवारी १८७८. शेगावात गजानन महाराज प्रगटले, तेव्हा लोकांना कसे दिसले? उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. लोकांना उष्टी पत्रावळ दिसली, महाराजांना तिच्यावरचं अन्न दिसलं. फोन म्हणजे पत्रावळ हो! मी मायेपुढं भारीतली पत्रावळ मांडली आणि वाढायचंच विसरलो. ती बिचारी रिकाम्या पत्रावळीपुढं दोन महिने हात जोडून बसली.

त्या दिवसापासून रोज सांजवेळी, दिवा लागला की मी फोन करतो. जास्त नाही, पाच मिनिटं. नातवाचं तोंड पडद्यावर दिसलं की ती पडद्यालाच बोटं लावून कडाकडा मोडते. हरिपाठ ऐकते, शेजारणींना ऐकवते. तोच फोन, तीच कंपनी. पण आता त्यात शितं आहेत.

तुमच्या खिशातही फोन आहे. त्यात मायबापाचा नंबर आहे. शेवटचा कधी लावला, ते मला सांगू नका. तुमचं तुम्ही पाहा. मंडपाबाहेर पडलात की आधी तो लावा, मग चहा घ्या. आणि ज्यांना आता लावायला नंबरच उरला नाही, त्यांनी गल्लीतल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्याला हाक मारा. तीही सेवाच आहे.

रामकृष्णहरी!