आंधळा धनदेव आणि सुरत

सुरत हे नाव उच्चारले की मराठी श्रोत्यापुढे १६६४ साल उभे राहते. शिवाजी महाराजांनी मोगलांचे हे संपन्न बंदर लुटले, १६७० मध्ये पुन्हा लुटले, आणि त्या शहराची श्रीमंती मराठी इतिहासात कायमची नोंदली गेली. परंतु लक्ष्मी चंचल असते. पुढे व्यापार मुंबईकडे सरकला. १८३७ च्या एप्रिलमध्ये शहराला प्रचंड आग लागून हजारो घरे भस्मसात झाली, आणि त्याच वर्षी तापीच्या महापुराने उरलेसुरले धुऊन नेले. एके काळी जगभरची गलबते जेथे माल उतरवीत, तेथे व्यापाऱ्यांच्या पेढ्या ओस पडल्या.

अशा खालावलेल्या सुरतेत १८५० मध्ये अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स हा तरुण इंग्रज अधिकारी बदलून आला. त्याच्या पुढाकाराने तेथे आन्ड्र्यूज ग्रंथालय स्थापन झाले. तत्पूर्वी १८४८ मध्ये अहमदाबादेस त्याने गुजराती भाषेच्या अभिवृद्धीसाठी संस्था काढली होती, आणि वढवाणचे कवी दलपतराम यांना आपल्या सहवासात घेतले होते. दलपतरामांना इंग्रजी अवगत नव्हते, मग ग्रीक कोठून असणार? तरीही फोर्ब्सच्या प्रेरणेने त्यांनी १८५०-५१ च्या सुमारास ‘लक्ष्मी’ हे नाटक लिहिले. त्याचा आधार होता अथेन्सच्या अरिस्टोफेनीसचे ‘प्लूटस’. अर्वाचीन गुजराती नाट्यवाङ्मयाच्या अगदी आरंभी हे नाव येते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ते रामकथेच्या आधाराने. गुजरातीचे पहिले पाऊल मात्र एका ग्रीक प्रहसनाच्या आधाराने पडावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

ग्रीक रंगभूमीचा जन्म डायोनिसस देवाच्या उत्सवात झाला. अथेन्सच्या टेकडीच्या उतारावर, उघड्या आकाशाखाली, हजारो नागरिक पहाटेपासून नाटके पाहण्यास बसत. आरंभी गाणारा व नाचणारा वृंद आणि एकच नट एवढाच संच असे. एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा. युरिपिडीसने देवादिकांच्या मुखी सामान्य माणसाची शंका घातली. वृंदाच्या तालमीचा व वेशभूषेचा खर्च श्रीमंत नागरिकावर कर्तव्य म्हणून सोपविला जाई. पुढे गरिबाला नाटक पाहता यावे म्हणून सार्वजनिक निधीतून पैसेही मिळू लागले. म्हणजे धन आणि नाट्य यांचे नाते तेथे प्रथमपासूनच होते.

‘प्लूटस’ रंगभूमीवर आले ते ख्रिस्तपूर्व ३८८ मध्ये. त्यापूर्वी सोळा वर्षे अथेन्सचा स्पार्टाकडून पराभव झाला होता. आरमार गेले, साम्राज्य गेले, शेते उजाड झाली. अशा वेळी वृद्ध कवीने क्रेमिलस नावाचा एक प्रामाणिक, दरिद्री शेतकरी उभा केला. सचोटीने वागून आपण कंगाल राहिलो; मग मुलाला लबाडी शिकवावी काय, हे विचारण्यासाठी तो डेल्फीच्या देवळात जातो. बाहेर पडताच जो प्रथम भेटेल त्याच्या मागे जा, असा कौल मिळतो. भेटतो तो एक फाटका, आंधळा म्हातारा. आणि तोच धनाचा देव प्लूटस असतो! सज्जनांकडेच जाण्याचा त्याचा निश्चय होता, म्हणून मत्सराने झ्यूसने त्याचे डोळे काढून घेतले. तेव्हापासून तो चाचपडत कोणाच्याही घरात शिरतो. क्रेमिलस त्याला वैद्यदेवाच्या मंदिरात नेऊन दृष्टी मिळवून देण्याचे ठरवितो.

इतक्यात वाट अडवून उभी राहते पेनिया, म्हणजे दारिद्र्य. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याची चाल आहे. त्या अलक्ष्मीला कोणी बोलू देत नाही. अरिस्टोफेनीसने मात्र तिला पुरते बोलू दिले आहे. ती म्हणते, मी आणि भीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिकाऱ्याजवळ काहीच नसते, माझ्या घरचा माणूस काटकसरीने राहून कामावर लक्ष ठेवतो. सारेच धनवान झाले तर नांगर कोण धरील, लोखंड कोण घडवील, जोडे कोण शिवील? यावर क्रेमिलसपाशी धड उत्तर नसते. तो गरिबाच्या घरातील ढेकणांची, उपाशी मुलांची व फाटक्या चटईची यादी वाचतो आणि तिला हाकलून देतो. पेनियाचा पराभव वादात होत नाही. ती केवळ घालविली जाते. आणि तरीही प्रेक्षकाचे अंतःकरण क्रेमिलसच्याच बाजूने राहते, कारण भुकेचा अनुभव हेही एक प्रमाणच आहे.

पुढे प्लूटसला दृष्टी येते, सज्जन श्रीमंत होतात, चुगलखोर नागवले जातात. माणसे देवाकडे मागणे मागेनाशी होतात, तेव्हा झ्यूसचा पुजारीच उपासमारीने व्याकूळ होऊन क्रेमिलसच्या दारी येतो. या नाटकात तत्कालीन पुढाऱ्यांची टिंगल थोडी आणि वृंदाचे कामही थोडे. म्हणून ते देशकालाची सीमा सहज ओलांडू शकले. मध्ययुगीन बायझँटाइन पाठशाळांतही ते आवडीने शिकविले जाई.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्र’ रचले ते या नाटकानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. त्यात कथानकाला शोकात्मिकेचा प्राण म्हटले आहे, आणि करुणा व भय यांच्याद्वारे होणाऱ्या भावविरेचनाचा सिद्धांत मांडला आहे. विनोदी नाटकाविषयीचा त्याचा सविस्तर विचार मात्र आज उपलब्ध नाही. जी त्रोटक वाक्ये आहेत त्यांत, कोणाला दुःख वा इजा न देणारे व्यंग म्हणजे हास्याचा विषय, असे तो सांगतो. भरतमुनींनीही विकृत वेश, वाणी व आचार यांतून हास्यरस मानला. दोन्ही व्याख्या उत्तम आहेत, पण पेनियाचे भाषण त्यांत पूर्णपणे मावत नाही. तेथे हसू येते आणि हसता हसता प्रश्न मनात रुतून बसतो.

सुरतेच्या मातीत या प्रश्नाची कसोटी प्रत्यक्ष आयुष्यात लागली. १८३३ मध्ये तेथे जन्मलेले कवी नर्मद यांनी ‘रसप्रवेश’ लिहून काव्यचर्चेचा पाया घातला. त्यांचेच नगरबंधू नवलराम यांनी गुजराती समीक्षेला शिस्त लावली आणि १८६७ मध्ये मोलिएरच्या आधाराने ‘भटनुं भोपाळुं’ हे प्रहसन रचले. नर्मदांनी १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याची प्रतिज्ञा केली. चोवीस वर्षे त्यांनी ती पाळली. कोश, निबंध, कविता, नाटके असे डोंगराएवढे काम उभे राहिले. पण कर्जही वाढत गेले. १८८२ मध्ये प्रतिज्ञा मोडून त्यांना नोकरी पत्करावी लागली, आणि १८८६ मध्ये त्यांचे निधन झाले. दारिद्र्य माणसाला कामाला लावते, हे पेनियाचे म्हणणे येथे खरे ठरले. परंतु त्या कामाचे मोल ते किती निष्ठुरपणे वसूल करते, हे तिने सांगितले नव्हते.

आज सुरतेत लक्ष्मी परतली आहे. हिऱ्यांना पैलू पडतात, यंत्रमाग अहोरात्र चालतात, आणि उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे त्या श्रमात सहभागी आहेत. ग्रीक नाट्य म्हणताच आपल्याकडे ईडिपससारख्या शोकात्मिकाच आठवतात, पु. ल. देशपांडे यांनीही १९७९ मध्ये ‘राजा ओयदिपौस’च मराठीत आणले. त्यांच्या जोडीने हे प्रहसनही वाचले जावे. राजाचे दुर्दैव क्वचित एखाद्याच्या वाट्याला येते; धनदेवाचे अंधत्व मात्र प्रत्येक गावात, प्रत्येक पिढीला नव्याने दिसते.