कायद्याची प्रवेशपरीक्षा: वाचणाऱ्याची परीक्षा



उन्हाळ्यातली व्याख्यानमाला आणि कायदा यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले रानडे १८६६ साली एलएल. बी. झाले. कोर्टात निवाडे देणारा माणूस संध्याकाळी लोकांसमोर उभा राहून त्यांना विचार करायला लावत होता. म्हणून आजचा विषय या मंडपात परका वाटू नये. विषय आहे कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळवण्याचा: परीक्षेची तयारी आणि अर्ज यांचा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ही परीक्षा पाठांतराची राहिलेली नाही. ती वाचनाची परीक्षा आहे. आणि वाचनाची तयारी मोठ्या शहरात जाऊन, मोठी फी भरूनच होते असं नाही. ती आपल्या गावात, आपल्या भाषेपासून सुरू करता येते.

आधी या परीक्षा आल्या कुठून ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षांत कायद्याची पदवी, ही कल्पना रुजवली ती बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने. प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९८८ साली पहिली तुकडी बसली. पुढे हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर, रायपूर, गांधीनगर अशी विद्यापीठं उभी राहिली. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, फी वेगळी. एकाच हंगामात मुलांनी देशभर धावायचं, हा जाच सर्वोच्च न्यायालयापुढे एका याचिकेद्वारे मांडला गेला, आणि त्यातून २००८ साली सात विद्यापीठांची एकत्र परीक्षा झाली. तीच क्लॅट. आज पंचवीसच्या आसपास राष्ट्रीय विधी विद्यापीठं तिच्यातून प्रवेश देतात. त्यात आपली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठंही आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र स्वतःची आयलेट ही परीक्षा घेतं, आणि सिंबायोसिसची स्लॅट वेगळी असते.

दुसरं दार आपल्या राज्याचं. २०१६ पासून महाराष्ट्राचा सीईटी सेल विधी अभ्यासक्रमांसाठी परीक्षा घेतो: बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी एक, कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल. बी.साठी दुसरी. १८५५ साली सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय असो, १९२४ पासून चालणारं पुण्याचं आयएलएस असो, की तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणचं विधी महाविद्यालय, तिथे पोचायचं ते याच सीईटीतून. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते. मराठी माध्यमाच्या घरांपर्यंत ही गोष्ट अजून पुरेशी पोचलेली नाही. म्हणून ती मी मुद्दाम मोठ्याने सांगतो आहे.

आता क्लॅटच्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. दोन तास, १२० प्रश्न. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सर्वसाधारण तर्क आणि दहावीच्या पातळीचं थोडं गणित, असे पाच भाग. २०२० पासून प्रश्न सुटे येत नाहीत. साधारण साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा येतो आणि त्याखाली चार-सहा प्रश्न. हिशेब मांडा. वीस-पंचवीस उतारे म्हणजे आठ-दहा हजार शब्द दोन तासांत वाचायचे आणि वाचता वाचता निर्णय घ्यायचे. एका उताऱ्याला जेमतेम पाच मिनिटं. ज्याला सलग वाचायची सवय नाही, त्याला सगळे अधिनियम तोंडपाठ असले तरी इथे त्यांचा उपयोग नाही.

कायदेविषयक तर्काचा प्रश्न कसा असतो ते दाखवतो. समजा उताऱ्यात नियम दिला आहे: जो माणूस आपल्या जमिनीत धोकादायक ठरू शकेल अशी वस्तू साठवतो आणि ती बाहेर पडून दुसऱ्याचं नुकसान करते, तो त्याने सगळी काळजी घेतलेली असली तरी जबाबदार राहतो, मात्र नुकसान ज्याचं झालं त्याच्याच कृतीमुळे झालं असेल, तर नाही. आता वस्तुस्थिती. एका शेतकऱ्याने इंजिनिअरच्या सल्ल्याने, चांगला कागद अंथरून शेततळं बांधलं. पावसाळ्यात बांध फुटला आणि शेजाऱ्याची कांद्याची चाळ वाहून गेली. शेतकरी म्हणतो, माझी काय चूक? मी तर सगळं नियमाने केलं.

मुलं पटकन म्हणतात, खरंच, त्याची काय चूक! आणि गुण जातो. कारण नियम चुकीबद्दल काही विचारतच नाही. काळजी घेतली असली तरी जबाबदार, असं तो स्पष्ट म्हणतो. आता एकच गोष्ट बदला. पाणी आपल्या शेतात वळवावं म्हणून शेजाऱ्यानेच रात्री बांध उकरला. लगेच उत्तर उलटलं. आता तिसरा प्रश्न: बांध भूकंपाने फुटला तर? तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं की दैवी आपत्तीला सूट मिळते. पण या उताऱ्यात ती सूट लिहिलेली नाही. जे उताऱ्यात नाही ते तुम्ही बाहेरून आणायचं नाही. शेतकरी जबाबदार.

या काल्पनिक शेततळ्यामागे खरा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं आणि १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात हे तत्त्व पक्कं केलं. दिल्लीत श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रीराम प्रकरणात सांगितलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला इंग्लंडच्या नियमातले अपवादही मिळणार नाहीत. पाहा, एका साध्या प्रश्नातून मूल कुठवर जाऊ शकतं. नियम काय म्हणतो, वस्तुस्थिती काय आहे, अपवाद लागतो का: वकील आयुष्यभर रोज सकाळी हेच करतो. प्रवेशपरीक्षा त्याचा पहिला धडा असते. म्हणून तयारीकडे अडथळा म्हणून पाहू नका. शिक्षण तिथेच सुरू झालेलं असतं.

मग तयारी कशी करायची? रोज दोन अग्रलेख वाचा, एक मराठी आणि एक इंग्रजी, शक्यतो एकाच घटनेवरचे. वाचून झाल्यावर वर्तमानपत्र मिटा आणि तीन वाक्यं लिहा: लेखकाचं म्हणणं काय, त्याने कारण काय दिलं, त्याने काय गृहीत धरलं. हे तिसरं वाक्य सगळ्यात अवघड असतं आणि तर्काच्या भागात प्रश्न नेमका त्यावरच येतो. पहिले दोन महिने वेळ लावू नका, समजून वाचा. वेग समजण्याच्या मागून येतो.

ज्यांचं शिक्षण मराठीत झालं त्यांच्यासाठी एक फार मोलाचं साधन फुकट उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्याच संकेतस्थळावर आहेत. भारताचं संविधान मराठीत मिळतं. एक निकाल घ्या, आधी मराठीत वाचा, मग तेच इंग्रजीत. आशय आधीच कळलेला असल्यामुळे इंग्रजी वाक्याची लांबी अंगावर येत नाही, आणि शब्द अर्थासकट लक्षात राहतात. शब्दांची यादी घोकण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी खात्रीचा वाटतो. चालू घडामोडींचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, ही तारीख पाठ करून भागत नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी ती का आणली आणि तिच्यावर आक्षेप कोणते, हे माहीत हवं.

सराव परीक्षा शेवटच्या तीन-चार महिन्यांत द्या. पण खरा अभ्यास परीक्षा संपल्यावर होतो. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात लिहा: नीट वाचलं नाही, माहीत नव्हतं, अंदाज मारला. बहुतेकांचा पहिला रकानाच लांब निघतो, आणि त्यावर उपाय आणखी पुस्तकं विकत घेणं हा नाही. चार चुका एक पूर्ण गुण खातात, तेव्हा क्लॅटमध्ये अंदाजाला आवर घाला. राज्याच्या सीईटीत मात्र एकही प्रश्न कोरा सोडू नका.

भाषेच्या प्रश्नावर मला स्पष्ट बोलायचं आहे. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. ती प्रादेशिक भाषांतही व्हावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. ती मागणी न्याय्य आहे असं मी मानतो. पदवीनंतर वकिलीसाठी द्यावी लागणारी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा मराठीत देता येते, आपल्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, मग प्रवेशाच्याच उंबऱ्यावर मराठीला थांबवण्याचं कारण काय? पण बारावीतल्या मुलीला त्या याचिकेच्या निकालाची वाट पाहत बसता येत नाही. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, कायद्याचे मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. तेव्हा मागणी लावून धरायची आणि त्याच वेळी इंग्रजीवर हुकूमत मिळवायची, ही दोन्ही कामं आपण एकदम करायला हवीत.

आता अर्ज. इथे हुशार मुलंही जागा गमावतात, म्हणून पालकांनी कान द्यावा. कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचायचा पहिला कायदेशीर दस्तऐवज म्हणजे परीक्षेची माहितीपुस्तिका. पात्रता, आरक्षण, प्रमाणपत्रांचा नमुना, मुदत, सगळं त्यात असतं. क्लॅट अलीकडे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधी. अर्ज त्याआधीच काही महिने सुरू होतात. आज अकरावी संपवून इथे बसलेल्यांच्या हातात साधारण सात महिने आहेत.

प्रमाणपत्रांचं काम आजच सुरू करा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रात आणि तहसील कार्यालयात जून-जुलैमध्ये किती गर्दी असते ते तुम्ही जाणता, आणि जात पडताळणीला तर महिने लागतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत कधी संपते ते तारखेसकट पाहून ठेवा. केंद्राचा नमुना आणि राज्याचा नमुना वेगळा असतो. कुठे कोणता लागतो हे वाचून ठरवा. महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्याच्या अधिवासींसाठी राखीव जागा आहेत, त्यासाठी अधिवासाचा कागद हाताशी हवा.

क्लॅटच्या समुपदेशनात पसंतीक्रम द्यावा लागतो. जागा मिळाल्यावर तीन पर्याय येतात: फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, फ्लोट म्हणजे ही घेतो, पण वरची मिळाली तर तिकडे जाईन, एक्झिट म्हणजे बाहेर. फ्लोट केलं आणि वरच्या पसंतीची जागा लागली, की आधीची आपोआप जाते. म्हणून क्रम लावताना प्रसिद्धी बघून लावू नका. फी, अंतर, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची बेरीज करून घरात बसून लावा.

पैशाबद्दल आडपडदा ठेवत नाही. राष्ट्रीय विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते. परीक्षेच्या अर्जाचीच फी हजारांत आहे. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांचे नियम प्रवेशाआधी वाचा. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेला आयडिया हा उपक्रम गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना याच परीक्षेसाठी तयार करतो आणि पुढेही साथ देतो. तिकडे जरूर चौकशी करा. आणि राष्ट्रीय विद्यापीठाचं दार उघडलं नाही, तर राज्याच्या महाविद्यालयाचा रस्ता कमी दर्जाचा समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माजी सरन्यायाधीशांपैकी यशवंत चंद्रचूड आयएलएसचे, उदय लळित शासकीय विधी महाविद्यालयाचे, शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे. मोठ्या विद्यापीठात इंटर्नशिप आणि नोकरीच्या वाटा लवकर उघडतात, हे खरं आहे. इतरत्र त्या स्वतः शोधाव्या लागतात, एवढाच फरक लक्षात ठेवा.

शेवटी एक प्रसंग सांगतो. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमध्ये उत्तरसूचीत चुका आहेत, असं सतरा वर्षांच्या एका परीक्षार्थीचं म्हणणं होतं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने दोन उत्तरांबाबत त्याचं म्हणणं मान्य केलं. इतर विद्यार्थीही न्यायालयांत गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. मे २०२५ मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन मसीह यांच्या खंडपीठाने सुधारित यादी लावायला सांगितलं आणि प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले गेले त्याबद्दल परीक्षा घेणाऱ्यांना सुनावलं. ते सुनावणारे न्यायमूर्ती गवई अमरावतीचे. त्यांचं प्राथमिक शिक्षण तिथल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत झालं, आणि या निकालानंतर आठवड्याभरात ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या मुलाने उतारा नीट वाचला होता, उत्तरसूची नीट वाचली होती आणि अधिकाराच्या जागेवरून आलेलं उत्तरही तपासून पाहिलं होतं. वकील होण्याची लायकी याहून वेगळी काय असते?

म्हणून या वाचनालयाला माझी विनंती आहे. दर रविवारी सकाळी दोन तास एक टेबल या मुलांसाठी ठेवा. दोन वर्तमानपत्रं, संविधानाची मराठी प्रत आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढं पुरे. इथल्या वकील संघातल्या मंडळींनी आळीपाळीने यावं, एक निकाल मुलांबरोबर वाचावा, वाद घालावा. सेतूच्या कागदांची यादी भिंतीवर लावावी. परगावचा क्लास ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी गाव एवढं नक्की करू शकतं, आणि ते येत्या रविवारपासून सुरू व्हावं. मी पहिल्या रविवारी शेततळ्याचा उतारा घेऊन येतो.