गरम पाण्याचा हिशोब कोण ठेवणार?

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या कार्यकर्ता शिबिरात आम्ही केलेलं भाषण. वाड्यावाड्यांवर वाचून दाखवावं.)



मागच्या बैठकीत एका आजीनं विचारलं, "वीज केंद्र दर्यावर, आपली वाडी डोंगरात. आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे.

पावसाळा सरला की आपली कातकरी माणसं कुठं जातात? काही भट्टीवर, काही खाडीवर. बायापोरं ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढतात, खेकडे धरतात. घरचं कालवण होतं आणि बाजाराचे चार पैसे मिळतात. ह्या मच्छीला सातबारा नाही, पावती नाही. त्यामुळं नुकसान मोजायला बसलं की पहिली सुटते ती हीच. हा आपला संबंध.

आता वीज केंद्राचं बघू. कोळसा असो की अणू, पाणी उकळायचं, वाफेवर चाक फिरवायचं आणि ती वाफ परत थंड करायची. थंड करायला पाणी लागतं, आणि ते गरम होऊन बाहेर पडतं. जैतापूरला माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरलाय. त्याची एक भट्टी ४,५९० मेगावॅट उष्णता करणार, त्यातून वीज १,६५० मेगावॅट. म्हणजे तीन वाटे उष्णता केली तर एक वाटा तारेत जातो आणि जवळजवळ दोन वाटे पाण्यात. सहाही भट्ट्या चालल्या तर दिवसाला सुमारे ५,२०० कोटी लिटर गरम पाणी समुद्रात जाईल. साखरी नाट्याचे मच्छीमार उगाच रस्त्यावर आले नाहीत.

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. गोड्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागं साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. मासा पोहून दूर जाईल. खडकाला चिकटलेलं कालव कुठं जाणार?

सरकारचा नियम आहे. १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या औष्णिक केंद्रानं नदी-तलावाचं पाणी वापरलं तर थंड करायचे मनोरे बांधलेच पाहिजेत. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्राला पाणी मूळ तापमानापेक्षा ७ अंशांपर्यंत वाढवायची मुभा आहे. पण ते गरम पाणी पुढं कुठवर पसरतं? ते सांगायला कॉम्प्युटरचं मॉडेल करतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी ही कामं चालतात.

मॉडेल म्हणजे जादू नव्हे. आपण भाताची खाचरं पाडतो, तशी कॉम्प्युटरात खाडीची हजारो खाचरं पाडतात. प्रत्येकाची खोली, भरती-ओहोटी, वारा, पाण्याचं तापमान हे आकडे भरतात. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी किती गेलं, उष्णता किती गेली, हवेत किती उडाली, ह्याचा हिशोब यंत्र घडीघडीला करतं. शेवटी रंगीत नकाशा निघतो. बी जसं पेराल तसं उगवेल. आकडे चुकीचे भरले तर नकाशा चुकीचाच येणार.

म्हणून जनसुनावणीत नकाशा दाखवला की घाबरायचं नाही. चार प्रश्न विचारायचे.

एक: आकडे कुठल्या दिवसांचे? उधाणाच्या भरतीत पाणी जोरात हलतं, गरम पाणी लवकर मिसळतं. भांगाच्या दिवसांत ते रेंगाळतं. वैशाखातल्या भांगाचा नकाशा दाखवा.

दोन: गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. वरचं आणि तळाचं वेगळं मोजलं, की सरासरी काढली? सरासरीत वरचा चटका लपतो.

तीन: मॉडेलचं उत्तर खऱ्या मोजमापाशी ताडून बघितलं का? कुठं, किती दिवस?

चार: केंद्र चालू झाल्यावर रोजचं मोजमाप कोण करणार, आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार का?

आम्ही मॉडेलच्या विरोधात नाही. रोजचे खरे आकडे भरले तर रात्री सोडलेलं गरम पाणीसुद्धा तेच मॉडेल पकडून देईल. आमचं म्हणणं एवढंच, की हिशोबाची वही एकट्या सावकाराच्या हातात नको. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग आपली वही आपण घालू. प्रत्येक वाडीनं एक तापमापक घ्यावा. ठरलेल्या जागी, अमावास्या-पौर्णिमेला आणि दोन्ही अष्टमींना पाणी मोजावं. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि त्या दिवशी काय मिळालं ते लिहावं. हे आत्ताच सुरू करायचं, केंद्र येण्याआधी. नाहीतर उद्या म्हणतील, "इथलं पाणी पहिल्यापासून असंच होतं."

दुसरं काम दाव्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे, आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. २००५ साली उच्च न्यायालयानं सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन जाहीर करायला सांगितली. म्हणजे ज्या तिवरांच्या मुळात आपण खेकडे धरतो, तिथंही दावा लावता येतो. वहीतली नोंद त्या दाव्याला जोडा.

त्या आजीला आम्ही एवढंच सांगू: आजी, तुझी टोपली कुणी मोजली नाही. ती आपणच मोजू या.

जिंदाबाद!